तांब्याचे खिळे

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला ग्रंथकाकांनी सतरा वेळा उत्तर लिहिलं होतं आणि एकदाही टपालात टाकलं नव्हतं. पहिल्या खेपेला चार पानं झाली. वाचून वाटलं, फारच झालं. दुसऱ्या खेपेला चार ओळी झाल्या; वाचून वाटलं, हे तर उर्मटपणाचं दिसतं. मग कधी शाई बदलली, कधी मायना बदलला. एकदा तर 'कळावे' लिहून झाल्यावर ध्यानात आलं, की कळवायचं तेवढं सोडून बाकी सगळं लिहून झालंय. शेवटी त्यांनी ते पत्र एका जाडजूड ग्रंथसूचीत ठेवून दिलं. दुसरं कोणी तिथे हात घालणार नव्हतं, आणि आपणही घालणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

पत्र निळ्या शाईतलं, शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं असावं तशा अक्षरातलं. आता ते त्यांना तोंडपाठ झालं होतं.

'आपलं पुस्तक वाचलं. पान एकेचाळीसवर आपण लिहिता, की त्या गाडीची शेपटी आपल्या वडिलांनी एका परदेशी शर्यतीच्या गाडीवरून घेतली. मी इथल्या ग्रंथालयात जुने अंक काढून पाहिले. ती परदेशी गाडी लोकांसमोर आली ती आपल्या गाडीनंतर एकोणीस महिन्यांनी. माझे वडील आपल्या कारखान्यात होते. सगळे त्यांना होडीवाला म्हणत. शेपटी त्यांनी घडवली असं ते सांगायचे, आणि ते फुशारकी मारणारे नव्हते. शेपटीच्या आत, अस्तराखाली, त्यांनी तांब्याचे खिळे मारले होते. गाडी कधी सापडलीच तर आपण बघाल का? मला दुसरं काही नको. खरं काय ते कळवा.'

जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करण्यात घालवलेल्या माणसाची चूक कोणीतरी ग्रंथालयात जाऊन काढावी, हे एक वेळ त्यांनी सोसलं असतं. अडचण पुढची होती. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं, शहाण्णव पानांचं, अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या अकरा गाड्यांवर. त्या काळी बाहेरून गाडी यायची ती नुसती चासी: चाकं, इंजिन आणि पुढे स्टिअरिंगचा दांडा. तिच्यावर अंग चढवायचं काम अण्णांच्या कारखान्यात व्हायचं. आधी लाकडाची चौकट, मग तिच्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. अकरांपैकी दहा गाड्या भंगारात गेल्या. उरलेल्या एकीचा, याच शेपटीवाल्या गाडीचा, पत्ता नव्हता. 'गाडी कधी सापडलीच तर' या शब्दांचा आडोसा घेऊन काका अकरा वर्षं बसून राहिले.

आणि पाच महिन्यांपूर्वी गाडी सापडली.

एका तांत्रिक शाळेच्या शेडमध्ये ती राखाडी रंग फासून उभी होती. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी तिचं इंजिन उघडलं होतं आणि पुन्हा बसवलं होतं. शेपटीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिथून ती कारखान्यात आली, आणि उद्या सकाळी ट्रकवर चढून मोटारींच्या संग्रहालयात जाणार होती. संग्रहालयाने एक नोंदपत्र पाठवलं होतं. त्यावर जाणकाराची सही हवी होती, आणि जाणकार म्हणून त्यांनी ज्यांचं नाव घातलं होतं ते ग्रंथकाका त्या सकाळी शर्टाच्या खिशात अकरा वर्षांपूर्वीचं पत्र घालून कारखान्याच्या दारात उभे होते. आज बघायचंच, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. रस्त्यात दोनदा ते परत फिरले होते, पण तिसऱ्यांदा फिरले नाहीत.

दाराच्या चौकटीवर किल्ली टांगलेली होती. तिचा खिळा वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत, लालसर झाला होता. काकांनी सवयीने आपली छत्री तिच्या शेजारी अडकवली.

"ग्रंथ आला गं!" दादा ओरडले. थोरले भाऊ ब्याऐंशी वर्षांचे. साठ वर्षं पत्रा ठोकून त्यांचे कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नसणार असं धरून ते बोलायचे.

"ओरडू नका. मी इथेच आहे, आणि भाऊजीही इथेच आहेत," वहिनी थर्मासचं झाकण उघडत म्हणाल्या. "या भाऊजी. चष्मा पुसा आधी. तुम्हाला मी दिसतेय की गाडी, हेच कळत नाही."

"दोन्ही, वहिनी."

"दोन्ही जुन्याच," दादा म्हणाले आणि स्वतःच हसले.

गाडी मधोमध लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. राखाडी रंग उतरवून पुतण्याने तिला तिचा मूळचा गडद हिरवा दिला होता. पुतण्याला घरात 'पाना' म्हणत. रांगायचा तेव्हापासून त्याच्या हातात खुळखुळ्याऐवजी पाना असायचा, आणि आता पन्नाशीला आला तरी तोच होता. तो फडक्याला हात पुसत आला.

"काका, तुमचं काम मी निम्मं केलंय. हे बघा. तीन रकाने. अंग कोणी बांधलं, रेषा कोणाची, प्रभाव कोणाचा. तुमच्या पुस्तकातूनच पेन्सिलीने भरलेत. तुम्ही फक्त शाईने गिरवायचं आणि खाली सही ठोकायची. पाच मिनिटांचं काम."

काकांनी कागद पाहिला. पहिल्या रकान्यात अण्णांचा कारखाना. दुसऱ्यात अण्णा. तिसऱ्यात ती परदेशी शर्यतीची गाडी, आणि कंसात, 'पाहा: पान ४१'.

"आधी गाडी बघतो," ते म्हणाले.

"बघा की. तुमचीच आहे."

एरवी चारचौघांत पाण्याचा पेला मागायलाही संकोचणारा हा माणूस गाडीपाशी गेला की निराळाच व्हायचा. काकांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, गुडघा टेकला आणि उंबऱ्याखालच्या लाकडावरून बोट फिरवलं. रंगाच्या थराखाली आकडा लागला. सात. अण्णांची सातवी गाडी. मग ते उठले आणि पुढून सुरुवात केली.

"बॉनेटच्या कडेच्या या फटी बघ. आडव्या, वरच्या ओठाला किंचित वाकलेल्या. अण्णा आधी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होते. डब्यांच्या खिडक्यांना असायच्या त्या झडपा ते इथे घेऊन आले. दुसऱ्या कोणाच्या गाडीवर या दिसणार नाहीत. दाराचं हँडल इतकं खाली का? तर डब्याच्या पायरीवर उभ्या माणसाच्या हाताला लागेल तिथे. पुढची मडगार्डं मात्र त्यांची नाहीत. ती त्या वर्षीची सगळ्या जगाची होती, जो तो तशीच करत होता. पण छप्पर बघ. पाणी गळायची पन्हाळ दारापाशी थांबत नाही, थेट मागे जाते. हा अण्णांचा हात."

"बघा बघा, कसं धडाधडा बोलतात," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरी जेवायला बसले की 'हो' आणि 'पुरे' एवढे दोनच शब्द."

पाना हसला. "काका, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून द्या, मी सोबत जोडतो."

काका पन्हाळीवरून बोट सरकवत मागच्या काचेपर्यंत पोचले होते. तिथून शेपटी सुरू होत होती. दोन्ही बाजूंनी आत येत, खाली उतरत, शेवटी एका उभ्या कण्यावर मिळणारी. तिथे त्यांचं बोट थांबलं. इथवर त्यांना प्रत्येक रेष कुठून आली ते सांगता येत होतं. इथे ते नेहमी पान एकेचाळीसवर उडी मारायचे.

"पाना, शेपटीचं आतलं अस्तर काढ."

"काय?"

"डिकीतलं अस्तर. आतली चौकट बघायची आहे."

"काका, परवा संपलंय ते काम! मूळचा लोकरीचा नमदा न काढता, जागच्या जागी धुऊन, शिवून, तीन आठवडे घालवलेत त्याच्यावर. चौकट ठणठणीत आहे, मी हाताने चाचपून बघितलीय. उद्या ट्रक येणार आहे."

"काही गरज नाही!" दादा मागून म्हणाले.

एरवी ओरडून सांगावं लागणाऱ्या दादांना हे न ओरडता ऐकू आलं, हे एकट्या वहिनींच्या ध्यानात आलं. त्या थर्मास हातात धरून तशाच थांबल्या.

काकांनी खिशातून पत्र काढलं आणि उभ्याउभ्या वाचून दाखवलं. 'खरं काय ते कळवा' इथे आल्यावर त्यांनी तारीखही वाचली.

"अकरा वर्षं," पाना म्हणाला. "अकरा वर्षं हे तुमच्याजवळ आहे आणि तुम्ही आज सांगताय? ट्रक दारात यायच्या आदल्या दिवशी?"

"हो."

"का?"

"धीर झाला नाही."

"मग आज कुठून आला?"

"उद्या गाडी काचेपलीकडे जाईल. मग तिथे हात घालू देणार नाहीत. न बघता सही केली तर ती सहीसुद्धा पान एकेचाळीससारखीच होईल."

पाना गाडीला पाठ टेकून उभा राहिला. त्याने काकांवर आवाज कधी चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. पण बोलताना फडकं मुठीत पिळलं जात होतं. "काका, आजोबांच्या अकरा गाड्या. राहिली एक. तिथे भिंतीवर पाटी लागणार आहे. लोक वाचणार आहेत. आणि त्या गाडीत लोक बघतात काय? शेपटी! तुमच्या पुस्तकाच्या कव्हरवरही शेपटीच आहे. तीच आजोबांची नाही म्हटलं, तर त्यांचं राहिलं काय? पन्हाळ?"

खरं तर सतरा पत्रं अडली होती ती इथेच. ते दादांकडे वळले. "दादा, तू तेव्हा कारखान्यात होतास. मी दहा वर्षांचा, शाळेत. तू सांग."

दादांनी शांतपणे डाव्या कानातलं यंत्र काढलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "पाना, काढ ते अस्तर."

"आई, तूसुद्धा?"

"अठ्ठावन्न वर्षं संसार केलाय मी यांच्याशी. माहीत नसलं की हे भांडतात. माहीत असलं की मशीन काढून ठेवतात. त्यांना माहीत आहे. आता मलाही कळू दे."

पानाने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. अस्तर निघायला तासभर लागला. तो एकेक स्क्रू काढून ओळीने फडक्यावर मांडत होता. रागावलेला असला तरी हात आडदांडपणा करत नव्हते, आणि काकांना त्या हातांत अण्णा दिसत होते.

शेवटी नमदा बाजूला झाला. काकांनी कोट काढला, बॅटरी घेतली आणि शहात्तराव्या वर्षी डिकीत शिरले.

"भाऊजी, गुडघे!"

"आहेत, वहिनी. दोन्ही आहेत."

आत जुन्या लाकडाचा आणि डांबराचा वास होता. डांबराचा का, हे त्यांना कळेना. त्यांनी बॅटरी डावीकडे फिरवली. पुढच्या भागातली अण्णांची चौकट त्यांना ठाऊक होती: करवतीने आकार कापलेले जाड तुकडे, सांध्याला लोखंडी पट्टी, पितळी स्क्रू. ती चौकट मागच्या काचेखाली येऊन संपली होती. तिच्यापुढे निराळंच काहीतरी सुरू झालं होतं. बारीक, लवचिक बरगड्या, कापलेल्या नव्हे, तर वाफ देऊन वाकवलेल्या; खालच्या कण्यातून निघून दोन्ही अंगांनी वर चढणाऱ्या. त्यांच्यावरून आडव्या पट्ट्या. आणि जिथे जिथे पट्टी बरगडीला भेटत होती तिथे तिथे तांब्याचा खिळा, त्याच्या टोकावर तांब्याचीच वाटीसारखी वायसर चढवून वर ठोकून बसवलेली. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. बॅटरी फिरेल तसे ते एकामागून एक लाल चमकत गेले.

पट्ट्या आणि पत्रा यांच्यामध्ये डांबरात बुडवलेल्या कापडाच्या चिंध्या होत्या.

काका आत किती वेळ बसून होते कोणास ठाऊक. त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: मला ही रेष वाचता आली नाही, कारण मी ती मोटारींच्या पुस्तकात शोधत होतो. डोकं थोडं तिरकं केलं आणि त्यांना ती स्वच्छ दिसली. पाणी कापून गेल्यावर ते मागे हळूच मिटावं, खळखळ होऊ नये, म्हणून होडीचा मागचा भाग जसा निमुळता करतात तशी. होडीवाला. कारखान्यातला प्रत्येक माणूस दिवसातून दहादा ही हाक मारत होता, आणि पुस्तक लिहिणाऱ्याने परदेशी मासिकं धुंडाळली.

ते बाहेर आले तेव्हा कपाळाला डांबर लागलं होतं.

"आहेत," ते म्हणाले. "डाव्या बाजूला मोजले. त्रेचाळीस."

पाना वाकून आत डोकावला, आणि बराच वेळ तसाच राहिला. बाहेर येऊन त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी नमद्यावरून चाचपलं. नुसतं चाचपलं. मला वाटलं, स्क्रूची डोकी."

काकांची नजर मात्र दाराकडे गेली होती. ते चालत चौकटीपाशी गेले, छत्री काढली, किल्ली काढली. चौकोनी अंगाचा खिळा. गोल, किंचित फुगीर डोकं. त्यांनी अंगठ्याने तो पुसला. साठ-पासष्ट वर्षं घरातला प्रत्येक हात रोज या खिळ्याला लागला होता.

"दादा," ते भिंतीशी उभे राहून म्हणाले, "हा कोणी ठोकला?"

दादांच्या कानात यंत्र नव्हतं. पण खिळ्यावर ठेवलेलं बोट त्यांना दिसत होतं. त्यांनी खिशातून यंत्र काढलं, फुंकर मारली आणि कानात घातलं.

"मी," ते म्हणाले. या खेपेला ते ओरडले नाहीत. "होडीवाला कारखाना सोडून गेला त्या दिवशी. एक उरला होता. माझ्या हातावर ठेवला आणि गेला."

वहिनींनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसल्या. "हं. बोला."

"काय बोलायचं! मी सोळाचा होतो. तो आतून वायसरवर ठोकायचा, मी बाहेरून डोक्यावर डॉली दाबून धरायचो." त्यांनी मुठीएवढा लोखंडी ठोकळा पकडल्यासारखी मूठ वळली. "डॉली हलली की ओरडायचा. 'होडी बुडाली तुझी!' अण्णा पुढच्या गाडीच्या चासीची मापं घ्यायला परगावी गेले होते. पंधरा दिवसांत आम्ही शेपटी उभी केली. अण्णा परत आले, बघितलं आणि खवळले."

"आकार बघून?" काकांनी विचारलं.

"छे! आकाराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गप्प झाले. खवळले ते खिळ्यांवर. म्हणाले, तांब्याला ॲल्युमिनियम लागलं आणि वर पाणी पडलं की तांबं पत्रा खातं. दहा वर्षांत शेपटी गळून पडेल, सगळे काढ, स्क्रू मार. तो म्हणाला, लागू देणार नाही, मध्ये डांबराचं कापड घालतो. आणि काढणार तर मुळीच नाही. गळून पडली तर माझं नाव घ्या."

"आणि अण्णा?"

"गाडी प्रदर्शनाला द्यायची होती. वेळ नव्हता. आतून नमदा लावला आणि म्हणाले, कोणाला दाखवू नका, मोटारीत होडीचे खिळे मारलेत म्हणून हसतील." दादा थांबले. "कोणी हसलं नाही. पहिला नंबर आला. वर बोलावून अण्णांना विचारलं, ही शेपटी सुचली कशी? अण्णा म्हणाले, 'सुचली.' एवढंच. तो खाली उभा होता, माझ्या शेजारी. त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. आठ दिवसांनी गेला."

पाना फडक्यावरच्या स्क्रूंकडे बघत होता. "म्हणजे आजोबांनी त्याचं काम चोरलं."

"जीभ सांभाळ!" दादा म्हणाले. मग आवाज उतरला. "एक शब्द गिळला. एकच. पण नंतर तो त्यांना बाहेर काढता आला नाही. तसली शेपटी पुन्हा केली का त्यांनी? नाही. गिऱ्हाइकं मागायची, तरी नाही."

काकांना आपलंच पुस्तक आठवलं. पान त्रेपन्नवर त्यांनीच लिहिलं होतं: 'ही रेषा त्यांनी पुन्हा का वापरली नाही, हे एक कोडंच आहे.' कोडंच आहे, असं लिहून मोकळे झाले होते.

"आणि ते परदेशी गाडीचं चित्र?" त्यांनी विचारलं. "अण्णांच्या वहीत या गाडीच्या फोटोशेजारी चिकटवलेलं?"

"ते नंतर आलं. दोनेक वर्षांनी. अण्णांनी मला मुद्दाम हाक मारून दाखवलं. 'बघ,' म्हणाले, 'आपला होडीवाला त्यांच्या आधी.' आणि डिंक घेऊन लावून टाकलं शेजारी."

वहीचं पान ज्या क्रमाने लागलं त्याच क्रमाने सगळं घडलं, असं काका धरून चालले होते. जन्मभर पुस्तकं क्रमाने लावलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नव्हतं. बापाने कबुली म्हणून जे चिकटवलं होतं, ते मुलाने उसनवारीचा पुरावा म्हणून छापलं.

"दादा, मी पुस्तकाची पहिली प्रत तुला दिली होती. तू वाचलंस?"

"त्याच दिवशी. पान एकेचाळीस."

"मग बोलला का नाहीस?"

दादा ओशाळे झाले. ब्याऐंशी वर्षांचा तो धिप्पाड माणूस खुर्चीत अवघडून सरकला. "अरे, छापलेलं होतं ते. मी सातवी शिकलेला. म्हटलं, ग्रंथाने एवढी पुस्तकं वाचून लिहिलंय, तर माझीच काहीतरी गफलत होत असेल. अण्णांनी दुसरं कुठलं तरी चित्र दाखवलं असेल. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."

"आणि मी काय समजत होतो माहीत आहे?" काका हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. "दादा काही बोलला नाही, म्हणजे बरोबर आहे. हातोडा त्याने धरलाय, त्याला माहीत."

"शाबास," वहिनी म्हणाल्या. "एक वाचतो म्हणून दुसरा बोलत नाही, दुसरा बोलत नाही म्हणून पहिला लिहितो. आणि ती बाई बिचारी तिकडे पोस्टमनची वाट बघतेय. ते नोंदपत्र आणा इकडे."

नोंदपत्र बॉनेटवरच होतं. पण काकांच्या आधी पानाने ते उचललं. क्षणभर वाटलं, तो आता ते खिशात घालणार. त्याने कपाटातून खोडरबर आणलं, कागद काचेवर ठेवला आणि तिसरा रकाना खोडला. मग दुसरा. रबराचा चुरा फुंकला.

"काका, एक विचारू? आजोबांना ती शेपटी पाडता आली असती. नाही?"

"एका सकाळीत."

"परत आले, आकाराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गप्प झाले, असं बाबा म्हणाले."

"हो."

"मग तेही लिहा." त्याने कागद पुढे केला. "आणि पत्र्याला कुठे खाल्लेलं नाही, हेही लिहा. मी आत्ता बघितलं, खिळ्यांपाशी एक पांढरा ठिपकासुद्धा नाही. कारागीर होता तो माणूस. मी अस्तर परत लावणार नाही, काका. एक बाजू उघडी ठेवतो. बघू देत लोकांना."

काकांनी पेन उघडलं. पहिल्या रकान्यात त्यांनी अण्णांचा कारखाना तसाच गिरवला. दुसऱ्यात लिहिलं: पुढून मागच्या काचेपर्यंत, अण्णा, तिथून मागे, होडीवाला. तिसऱ्यात: रेल्वेचा डबा आणि होडी. खाली, पानाने सांगितलेलं दोन्ही लिहिल्यावर, एक ओळ घातली: 'माझ्या पुस्तकातला पान ४१ वरचा मजकूर चुकीचा आहे. चूक माझी.' आणि सही केली. एवढ्या झटकन सही त्यांनी पेन्शनच्या कागदावरसुद्धा कधी केली नव्हती.

"होडीवाल्याचं खरं नाव काय लिहायचं?" पानाने विचारलं. "पाटीवर होडीवाला नाही चालणार."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही माहीत नव्हतं.

"मुलीला विचारावं लागेल," काका म्हणाले.

अठरावं उत्तर त्यांनी तिथेच, टूलबॉक्सवर फळी ठेवून लिहिलं. एक पान झालं. ते दुसऱ्यांदा वाचायला घेतलं तसं वहिनींनी त्यांच्या हातून काढून घेतलं. "वाचायचं नाही. वाचलंत की फाडाल." लिहिलं होतं ते साधंच होतं. गाडी सापडली. मी आत शिरून बघितलं. खिळे आहेत, डाव्या बाजूला त्रेचाळीस. आपण म्हणालात ते अक्षरशः खरं आहे. उत्तराला अकरा वर्षं लागली याचं कारण माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही. पाटीवर घालायला आपल्या वडिलांचं पूर्ण नाव कळवा. आपण याल तेव्हा गाडी उघडून दाखवायला मी स्वतः येईन.

"मला दे," दादा म्हणाले. त्यांनी पेन हातोड्यासारखं मुठीत धरलं आणि खाली मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: 'डॉली मी धरली होती. एकही खिळा ढिला नाही.'

मग ते उठले, भिंतीवरची पक्कड घेतली आणि दाराशी गेले. खिळा सहजासहजी निघेना. पाना मदतीला धावला तसं त्यांनी त्याला कोपराने मागे सारलं. लाकूड करकरलं आणि खिळा बाहेर आला, आतला भाग काळपट, बाहेरचा लखलखीत. किल्ली वहिनींच्या हातात राहिली.

"आणि आता ही कुठे टांगायची?"

"लोखंडाचा ठोक एखादा," दादा म्हणाले. "आपल्याला काय!"

दादांनी खिळा पत्रात गुंडाळून आत घातला तसं पाकीट फुगलं. पानाने ते पोस्टाच्या खिडकीवर वजन करून आणायचा सल्ला दिला. काका म्हणाले, तिथे गेलो तर रांगेत उभा राहून विचार करीन. त्यांनी दुप्पट तिकिटं लावली. पत्ता अकरा वर्षांपूर्वीचाच होता. ती बाई तिथे असेल का, असेल तर कशी असेल, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि कोणी तो प्रश्न काढला नाही.

टपालपेटी रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. संध्याकाळचं टपाल निघायला अजून वेळ होता. दादा काठी टेकत बरोबर आले. जपायला आलो असं म्हणाले नाहीत, पण पेटी आणि परतीची वाट यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले. पाकीट आडवं जाईना. खिळ्याची गाठ फटीत अडकत होती. काकांनी ते बाहेर काढलं, क्षणभर हातात धरलं, नीट उभं केलं आणि आत सरकवलं.

ते आत पडलं तेव्हा ठण्ण वाजलं.

"ऐकलंस?" काकांनी विचारलं.

"ऐकलं," दादा म्हणाले.